प्रश्न विचारण्याची तालीम

गेल्या काही वर्षांत गाणेबजावणे शिकविणाऱ्यांच्या घरी एक नवीन पाहुणे मंडळी येऊ लागली आहेत. हाती मोबाइल, पिशवीत छापील प्रश्नावली, आणि बसल्याबरोबर पुढे सरकवावयाचे एक संमतिपत्र. मुले सालस असतात, वाकून नमस्कार करतात, चहाला नको नको म्हणतात. विद्यापीठाने त्यांना संगीतशिक्षणावर 'गुणात्मक संशोधन' करावयास सांगितलेले असते. आकडे मोजून नव्हे, तर माणसांशी बोलून, त्यांच्यात बसून, त्यांचे शिकणे-शिकविणे जवळून पाहून जे कळेल ते लिहावयाचे, असा या संशोधनाचा अर्थ. परदेशांत मानववंशशास्त्र आणि समाजशास्त्र या विषयांत ते शंभर वर्षांपासून रुळलेले आहे. पुढे शिक्षणशास्त्राने ते उचलले, आणि आता ते आपल्या संगीत विभागांच्या दारापर्यंत आले आहे. आले हे चांगलेच झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. माझे भांडण निराळे आहे. आपण या पद्धतीचा छापील नमुना घेतला, तालीम घेतली नाही.

नमुन्यादाखल एक प्रश्न सांगतो. 'संगीत अध्ययनाच्या प्रक्रियेत आपणांस कोणकोणत्या आव्हानांना सामोरे जावे लागले?' हा प्रश्न मराठीत लिहिलेला आहे खरा, पण मराठीत विचारलेला नाही. कोण्या इंग्रजी पुस्तकातून तो उचललेला आहे हे शेंबड्या पोरालाही कळेल. हाच प्रश्न एका गुजराती विद्यार्थिनीने आपल्या हिंदीत उतरवून पंचाहत्तरीच्या एका सारंगियांना विचारला. खांसाहेब म्हणाले, 'अल्ला का करम है बेटी, कोई तकलीफ़ नहीं.' प्रबंधात वाक्य उमटले : आव्हाने आढळली नाहीत. ज्या माणसाने गाण्याच्या साथीला कोणी विचारीना म्हणून तरुणपणी दोन गावे बदलली, ज्याच्या मुलांपैकी एकाने सारंगीला हात लावला नाही, त्याच्या तोंडी हे वाक्य गेले आणि त्यावर पदवीही मिळाली.

यात त्या मुलीचा दोष मी फारसा धरीत नाही. खांसाहेबांनी दिले ते दरबारी उत्तर होते. माझे वडील राजवाड्याच्या गाण्याच्या चाकरीतले. ते म्हणत, दरबारी माणसाजवळ प्रत्येक प्रश्नाची दोन उत्तरे असतात; एक विचारणाराचे तोंड पाहून द्यावयाचे, आणि दुसरे घरी आल्यावर पगडी खुंटीला लावून द्यावयाचे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर असल्या शहरांत जुन्या कलावंत घराण्यांशी ज्याला बोलावयाचे आहे त्याने हे प्रथम समजून घेतले पाहिजे. पहिल्या बैठकीत मिळते ते पहिले उत्तर. दुसरे मिळावयास सहा महिने लागतात, कधी सहा वर्षे. आणि हल्लीचे संशोधन तर सहामाहीच्या वेळापत्रकात बसवावे लागते!

रियाजाचेच उदाहरण घ्या. 'तुम्ही रोज किती तास रियाज करीत होता?' हा प्रश्न प्रत्येक प्रश्नावलीत असतोच. उत्तर आठ तासांच्या खाली सहसा येत नाही. बारा, चौदाही येतात. मग कोणी त्यांची सरासरी काढतो. डॅनियल न्यूमन या अमेरिकन अभ्यासकाने उत्तर हिंदुस्थानातील संगीतजीवनावर १९८० साली पुस्तक प्रसिद्ध केले. दिल्लीत राहून, उस्ताद साबरी खां यांच्याकडे सारंगी शिकत शिकत त्याने अभ्यास केला होता. त्या पुस्तकात रियाजावर आणि चाळीस दिवसांच्या चिल्ल्यावर जे लिहिले आहे ते वाचताना ध्यानात येते की तासांचा हा आकडा घड्याळाचा नव्हेच. तो निष्ठेचा आकडा आहे. 'आम्ही या विद्येसाठी देह झिजविला' हे सांगण्याची ती रीत आहे. ज्याने स्वतः गजाखाली बोटांची नखे झिजविली त्याला हे उमगते. बाहेरून विचारणारा एक तर आकडा खरा धरतो, नाही तर खांसाहेबांना खोटे ठरवितो. दोन्ही निष्कर्ष सारखेच फोल.

भाषेचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि आपल्या शहरात तो तिप्पट अवघड आहे. उस्तादांची बोली उर्दू-हिंदी, जुन्या शिक्षकांची मराठी, वर्गातली मुले बहुतांशी गुजराती, आणि प्रबंध लिहावयाचा इंग्रजीत. परदेशी मानसशास्त्रज्ञांनी या अडचणीवर एक तोडगा काढला आहे. रिचर्ड ब्रिस्लिन याने १९७० साली तो व्यवस्थित मांडला : प्रश्न एकाने परभाषेत नेऊन ठेवावा, दुसऱ्या माणसाने मूळ न पाहता तो परत आणावा, आणि दोन्ही ताडून पाहावे. उपाय उपयोगी आहे. निदान ढोबळ चुका तरी सापडतात. पण 'उपज' हा शब्द असा नेऊन परत आणून पाहा. इंग्रजीत उपज, बढत, विस्तार, फिरत या साऱ्यांची बोळवण 'इम्प्रोव्हायझेशन' या एकाच शब्दात होते. परत येताना तो शब्द 'उत्स्फूर्त निर्मिती' होऊन येतो. आता कोणत्या गवयाने आपल्या बढतीला उत्स्फूर्त निर्मिती म्हटले आहे? बढत म्हणजे शिस्तीने, एकेक स्वर हाती धरून केलेली वाढ. उपज अंगातून उगवते, पण तीही तालमीच्या जमिनीतूनच. या दोहोंतला फरक ज्या शब्दाला दिसत नाही त्या शब्दाने प्रश्न विचारला तर उत्तरातही तो फरक येणार नाही, आणि मग 'भारतीय गायक आयत्या वेळी सुचेल ते गातात' असे काहीतरी लिहिले जाते.

एका विद्यार्थ्याच्या टिपणात मी वाचले की सतारीच्या अमुक शिक्षकांनी आरोहाला अवरोह म्हटले. मी चकित झालो. ध्वनिमुद्रण ऐकले तर शिक्षक म्हणत होते, 'अब नीचे आओ, और नीचे.' सतारीवर हात दांडीवरून खाली भोपळ्याकडे येतो तेव्हा स्वर वर चढत असतो. शिक्षक हाताविषयी बोलत होते, विद्यार्थी स्वराविषयी ऐकत होता. नुसत्या लेखी टिपणावर विसंबले असते तर एका जाणत्या माणसाच्या नावावर अज्ञान चिकटले असते. सतार महिनाभर जरी हाती धरली असती, तरी ही शंका त्या मुलाला आली नसती.

स्वतः हाती धरून शिकणे हीच खरी पद्धत, असे परदेशांतही आता मानतात. मॅन्टल हूड या अमेरिकन संगीतशास्त्रज्ञाने १९६० साली असा आग्रह धरला की परक्या संगीताचा अभ्यास करणाऱ्याने ते संगीत स्वतः वाजवावयास आणि ऐकावयास शिकले पाहिजे. दोन भाषा येणारा माणूस असतो तसा दोन संगीते येणारा माणूस व्हावयास हवा. त्याचे हे म्हणणे नवे म्हणून गाजले. आपल्याकडे त्याच्याही आधी, आणि आपल्याच भाषेत, या प्रयोगाचे एक मोठे उदाहरण घडून गेले आहे. ते म्हणजे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे. त्यांच्याकडे आपण एकतर देव म्हणून पाहतो, नाही तर घराण्यांचा वैरी म्हणून. संशोधक म्हणून त्यांनी काम कसे केले, हे मात्र कोणी फारसे पाहत नाही.

भातखंडे पेशाने वकील. १९०४ साली ते दक्षिणेच्या प्रवासाला निघाले, पुढे १९०७ आणि १९०८ साली पूर्वेकडे आणि उत्तरेकडे गेले. बरोबर शास्त्राविषयीचे प्रश्न होते, आणि रोजची टिपणे ते ठेवीत होते. दक्षिणेत त्यांनी एट्टयपुरम येथे सुब्बराम दीक्षितरांची भेट घेतली. व्यंकटमखीच्या 'चतुर्दंडीप्रकाशिके'चा लाभ त्यांना याच प्रवासातून झाला, आणि त्याच्या बहात्तर मेळांवरून पुढे त्यांची दहा थाटांची रचना उभी राहिली. पोथ्यांच्या बाबतीत प्रवास सफळ झाला. माणसांच्या बाबतीत मात्र वकिलाची सवय आडवी आली, असे मला वाटते. 'रत्नाकरातली श्रुती तुम्ही कशी लावता? या रागाला ग्रंथाधार कोणता?' असे प्रश्न ज्याला विचारावयाचे त्याने संस्कृत ग्रंथ वाचलेले असावे लागतात. ज्याची विद्या गळ्यात आहे त्याची उलटतपासणी पोथीवरून केली तर तो साक्षीदार फुटणारच. त्यातून कलावंत अडाणी आहेत, असा जो ग्रह भातखंड्यांच्या लेखनात जागोजाग डोकावतो, तो कलावंतांविषयी थोडे आणि प्रश्नांविषयी अधिक सांगतो.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि म्हणूनच मी त्यांना मानतो. या माणसाने दुसराही रस्ता धरला होता. मुंबईच्या गायनोत्तेजक मंडळीत त्यांनी तरुणपणीच धृपदे आणि ख्याल शेकड्यांनी पाठ केले होते. पुढे त्यांनी जयपूरच्या आशिक अली खांकडून चीजा घेतल्या, फोनोग्राफवर उतरविल्या, रामपूरच्या नबाब हमीद अली खांची शागिर्दी पत्करली. म्हणजे वकिलाने वकिली खाली ठेवली आणि शागिर्दाची जागा घेतली. 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत जो बंदिशींचा साठा आज आपल्या मुलांच्या हाती आहे, तो उलटतपासणीतून आलेला नाही. तो या शागिर्दीतून आला. एकच माणूस, तीच बुद्धी. प्रश्न विचारले तेव्हा हाती तक्रारी लागल्या, शिकावयास बसला तेव्हा हाती विद्या लागली. संशोधनपद्धतीच्या वर्गात मला कोणी एक तास दिला तर मी एवढेच शिकवीन. त्यांची 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' मराठीत आहे आणि गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे, हेही मुलांना दाखवीन. मात्र तीत शिष्याचे प्रश्न आणि गुरूची उत्तरे दोन्ही एकाच हातची आहेत. तेव्हा गवयाचा आवाज ऐकावयाचा असेल तर तो तेथे नव्हे, चीजांत ऐकावा.

बडोद्याच्या वाचकांना १९१६ सालची परिषद आठवण करून देण्याची गरज नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद येथेच भरली, आणि श्रुतींचा वाद तीत चांगलाच रंगला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश क्लेमेंट्स यांनी अब्दुल करीम खांसाहेबांच्या गळ्याच्या साहाय्याने बावीस श्रुतींची मोजदाद केली होती. तशी पेटीही बनविली होती. मेहनत थोर होती. पण बावीस हा आकडा ग्रंथात आधीच लिहिलेला होता, मापाने त्यावर शिक्कामोर्तब करावयाचे एवढेच उरले होते. पुढे १९६३ साली नझीर जयराजभॉय आणि स्टोन यांनी चालू गायनवादनातील स्वर यंत्रावर मोजले. एकच स्वर निरनिराळ्या कलावंतांकडे निरनिराळ्या जागी लागतो, एका कलावंताकडेही तो खिळा ठोकल्यासारखा एकाच जागी राहत नाही, असे त्यांना आढळले. हे मी एवढ्यासाठी सांगतो की, आकड्यांनी सारे बिघडते आणि बोलण्याने सारे सुधारते अशी माझी समजूत नाही. जयराजभॉयांच्या यंत्राने कान मोकळा ठेवला होता. आणि कान बंद ठेवून घेतलेल्या पन्नास मुलाखतींतही आपल्याला हवा असलेला बाविसाचा आकडाच सापडतो.

मग पद्धत कशी असावी? लखनौचे एक उदाहरण मला फार आवडते. जेम्स किपेन हा ब्रिटिश अभ्यासक १९८० नंतरच्या दशकात उस्ताद अफाक हुसेन खां यांच्याकडे तबला शिकला आणि १९८८ साली त्याने लखनौच्या तबल्यावर ग्रंथ लिहिला. कायद्याचा विस्तार कोणत्या नियमांनी होतो हे त्याला समजावून घ्यावयाचे होते. तोंडी विचारले तर कोणता तबलजी सांगेल? तो वाजवून दाखवील. तेव्हा किपेनने बर्नार्ड बेल या फ्रेंच सहकाऱ्याच्या मदतीने संगणकावर एक रचना बसविली. त्याला जे नियम समजले ते तीत घालावयाचे, संगणकाने त्यांवरून पलटे काढावयाचे, आणि ते उस्तादांपुढे ठेवावयाचे. उस्ताद म्हणणार, हा ठीक, हा चुकीचा, हा आमच्याकडे वाजत नाही. नकार आला की नियम दुरुस्त. इथे परीक्षा उस्तादांची नाही, अभ्यासकाच्या समजुतीची आहे. शागीर्द वाजवितो, गुरू मान हलवितो किंवा हात धरून थांबवितो. हेच तर आपण घरोघर करतो! जी गोष्ट शब्दांत विचारता येत नव्हती ती हो-नाहीत विचारता आली. सहज जाता जाता सांगतो, ते उत्तर 'आमच्याकडे वाजत नाही' असे असते तेव्हा सर्वांत मोलाचे असते, कारण त्यातले 'आमच्याकडे' म्हणजे घराणे.

हेच बर्नार्ड बेल पुढे आपल्या महाराष्ट्राच्या एका कामात आले. गी पॉइतवँ हे मूळचे फ्रेंच, पुण्यात स्थायिक झालेले, आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडीच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या, हजाराच्या आसपास गावे. बेल यांनी त्यांच्या ध्वनिमुद्रणात आणि मांडणीत हात दिला. २०१७ पासून 'परी' या ग्रामीण जीवनाच्या संग्रहाने त्या लोकांपुढे आणण्यास आरंभ केला. या कामाची माझ्या दृष्टीने खरी थोरवी लाखाच्या आकड्यात नाही. ओव्या गोळा करणारे बरेच जण त्याच गावचे, तीच बोली बोलणारे होते. 'दळण' म्हणजे काय हे त्यांना कोशात पाहावे लागत नव्हते. आणि दुसरे म्हणजे, ओवीच्या खाली गाणारणीचे नाव आहे, गाव आहे.

नावाचा हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि यावर विद्यापीठांशी माझा स्पष्ट मतभेद आहे. संशोधनाच्या नीतीचे जे नियम बाहेरून आले, त्यांत बोलणाऱ्याचे नाव झाकावे असा दंडक आहे. त्याचे मूळ मोठे सयुक्तिक आहे. रुग्णालयातला रोगी, मारहाण सोसणारी स्त्री, कामावरून काढलेला मजूर यांचे नाव उघडे पडले तर त्यांचे नुकसान होते. पण तोच दंडक डोळे मिटून गाण्याला लावला म्हणजे उस्ताद 'सहभागी क्रमांक सात' होतात. ज्या विद्येत गुरूचे नाव घेताना हात आपोआप कानाच्या पाळीला जातो, तिथे नाव झाकणे ही सभ्यता नव्हे, चोरी आहे. एखाद्याने आपली ठेवणीतली चीज सांगितली आणि छापताना ती क्रमांक सातची झाली, तर पुढच्या पिढीला ती कोणत्या घरची हे कसे कळावे? न्यूझीलंडच्या माओरी विदुषी लिंडा तुहिवाई स्मिथ यांनी १९९९ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले आहे की संशोधनाचे नियम ज्यांच्यावर संशोधन होते त्यांच्या चालीरीतींतून ठरावेत. आपल्याकडे ती रीत तयार आहे : विद्या देणाऱ्याचे नाव घ्यावे, आणि कानगोष्ट मात्र नावाशिवायही छापू नये.

कारण झाकावयाच्या गोष्टीही आहेतच. जुन्या घरांतून फिरणाऱ्या संशोधकाला केव्हा ना केव्हा कोणीतरी सांगते की अमक्या बुवांना खरी तालीम अमक्या बाईंनी दिली, पण वंशावळीत तिचे नाव लिहिलेले नाही. बडोद्याला तंजावरहून आलेल्या नर्तकींची परंपरा होती, दरबारात गाणाऱ्या बायका होत्या. त्यांच्याकडून शिकलेल्यांनी ते दडविले, हे अनेक संस्थानी गावांचे उघड गुपित आहे. हे छापावे काय? माझे मत असे की, ती बाई आज हयात नसली तर तिचे नाव अवश्य छापावे, आणि बुवांच्या नातवंडांनी रुसू नये. पण हयात माणसांच्या भांडणाची, देणेघेण्याची, लग्नाची गोष्ट कोणी चहाच्या ओघात सांगितली, तर ध्वनिमुद्रक चालू होता म्हणून ती आपली झाली असे संशोधकाने समजू नये. संमतिपत्रावर सही आहे हे उत्तर पुरे नाही. ज्यांनी पेन्शनीच्या आणि वाटणीच्या कागदांवर न वाचता सह्या करून पस्तावा केला, अशा घरांतली म्हातारी माणसे कागद पाहिला की एक तर घाबरतात, नाही तर मुकाट्याने सही करतात. लिहून झाले की तो मजकूर त्यांच्या भाषेत त्यांना वाचून दाखवावा. 'हे मी म्हटले, पण हे काढ' असे म्हणण्याची संधी द्यावी. वाचून दाखविताना होणारी दुरुस्ती हीच पुष्कळदा मुलाखतीपेक्षा अधिक बोलकी असते. दरबारी उत्तर गळून पडते ते याच वेळी.

आता थोडे आपल्या घरांविषयी. जुन्या मराठी घरांतून अजूनही ट्रंका आहेत. त्यांत चीजांच्या वह्या आहेत, मोडीत लिहिलेली पत्रे आहेत, कलावंत खात्याचे छापील कागद आहेत, क्वचित मौलाबक्षांच्या गायनशाळेतल्या स्वरलिपीची पाने आहेत. १८८६ साली निघालेल्या त्या शाळेत कोणती मुले कोणत्या भाषेत काय शिकली, वर्गात तीस मुलांना एकदम ख्याल कसा शिकविला जाई, हा शिक्षणाच्या इतिहासातला मोठा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर सरकारी अहवालांत पूर्णपणे मिळणार नाही. ते या वह्यांच्या समासांत आहे. 'आज तीनताल चुकला, छडी' असे एक वाक्य दहा अहवालांपेक्षा अधिक सांगते. पण या ट्रंका आपण संशोधकाला दाखवीत नाही; 'आजोबांची वही' म्हणून धूप दाखवितो आणि वाळवीला देतो. किंवा भलत्याच उत्साहाने मूळ वहीच देऊन टाकतो, ती परत येत नाही. वहीचा फोटो द्यावा, वही घरी ठेवावी, आणि फोटोबरोबर ती कोणाची, कोणत्या खोलीत बसून लिहिली, त्या खोलीत आणखी कोण शिकत असे, हे आपल्या तोंडून, मराठीत, सांगावे. पोरगी गुजराती असेल तर मराठी शब्दांचा अर्थ समजावून सांगावा. तिला घाई असेल तर पुन्हा ये म्हणावे.

आणि ती पुन्हा आली तर तिला प्रश्नावली बाजूला ठेवावयास सांगून तंबोरा लावावयास बसवावे. माझ्याकडे हल्ली दोघी येतात त्या अशाच. प्रबंधासाठी आलेल्या होत्या. तीन महिने झाले, एकीचा जोड अजून नीट मिळत नाही. परवा तिने वही उघडली आणि पहिल्यांदाच मला असा प्रश्न विचारला की ज्याचे उत्तर माझ्याजवळ तयार नव्हते : खर्ज लावताना वडील तारेकडे पाहत होते की तोंड फिरवून बसत होते?